बांधापलीकडून येणारे नाताळचे ताट



डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला, की आमच्या येरमाळ्याच्या शिवाराला एक वेगळीच कळा येते. शाळू पोटरीत आलेला असतो, हरभऱ्याचे शेंडे खुडून खुडून बायांची बोटे आंबट झालेली असतात, तुरीच्या शेंगा वाळू लागतात. येडेश्वरीच्या डोंगराकडून गार वारा सुटतो आणि सोलापूर-धुळे रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या रात्रभर धावत असतात. अशा वेळी संध्याकाळी आमच्या बांधापलीकडच्या वस्तीवरून तळणीचा वास येऊ लागतो. त्या घराच्या पत्र्यावर कामट्यांचा आणि कागदाचा, पाच टोकांचा तारा लटकतो. मग आमची नातवंडे म्हणतात, “आजी, आता ताट येणार!”

तुम्ही म्हणाल, दिवाळी होऊन दोन महिने होत आले, आता तळणी कसली आणि ताट कसले? तर बांधापलीकडचे आमचे शेजारी ख्रिस्ती आहेत. पंचवीस डिसेंबरला त्यांचा नाताळ असतो आणि त्या दिवशी सकाळी त्यांच्या घरून आमच्याकडे ताट येते. ते गेली पन्नासहून अधिक वर्षे येत आहे. आज त्या ताटाविषयी लिहायचे आहे. त्यात काय असते ते सांगेन, कसे करायचे तेही सांगेन. आणि त्या ताटाच्या बाबतीत आमच्या घराकडून एकदा जी चूक झाली तीही सांगेन. ती सांगितल्याशिवाय ताटाची किंमत तुम्हाला कळायची नाही.

आधी ताटात काय असते ते बघू. शहरात राहणाऱ्यांना आणि सिनेमा बघणाऱ्यांना वाटते, नाताळ म्हणजे केक. आमच्या शेजाऱ्यांच्या ताटात केकचा एक तुकडा असतो खरा, पण तो कोपऱ्यात. मधोमध असतात करंज्या, शंकरपाळी, चकल्या, रव्याचे लाडू आणि जाळीदार अनारसे. म्हणजे आपल्या दिवाळीचाच फराळ! लग्न होऊन मी या घरात आले आणि पहिल्यांदा ते ताट पाहिले, तेव्हा मला वाटले, यांनी दिवाळीचे उरलेले दिले की काय! नंतर कळले, की सगळे ताजे, चार दिवसांपूर्वी तळलेले असते.

याला कारण आहे. महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म दोन वाटांनी आला. समुद्रकाठी, वसई आणि गोव्याच्या बाजूला, तो सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आला. ‘नाताळ’ हा शब्दही त्यांचाच; त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ जन्मदिवस. आपल्या तोंडातले पाव, बटाटा, काजू हे शब्द त्यांच्याकडूनच आले. तिकडे नारळ आणि तांदूळ मुबलक, म्हणून गोव्याच्या ख्रिस्ती घरात नाताळला दोदोल होतो, नारळाच्या दुधाची बेबिंका होते. करंजीला तिकडे नेवरी म्हणतात, आणि ती नाताळला हवीच. आपल्या देशावर मात्र हा धर्म एकोणिसाव्या शतकात आला. अमेरिकन मिशनचे लोक १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, येऊन राहिले. पुढे सोलापूरकडे त्यांचे काम पसरले. निजामाच्या मुलखात जालन्याला नारायण शेषाद्री या मराठी माणसाने काम केले. १८७६ ते ७८ आणि पुढे १८९६ ते १९०० या काळात जे मोठे दुष्काळ पडले, त्यांत गावकुसाबाहेरच्या अनेक गरीब कुटुंबांनी हा धर्म धरला. आमच्या शेजाऱ्यांच्या घरातही, पणजोबा शेवटच्या दुष्काळात ख्रिस्ती झाले, असेच सांगतात.

पण धर्म बदलला म्हणून चूल थोडीच बदलते? तीच ज्वारी, तेच करडईचे तेल, तोच गूळ, त्याच शेंगा. सासूने सुनेला जे शिकवले तेच सण आला की कढईत पडायचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंगाच्या वळणाची भजने लिहिली आणि ती मराठी ख्रिस्ती मंडळींच्या तोंडी बसली, हे पुष्कळांना माहीत आहे. उपासनेत देशी सूर आला, तसा सणाच्या ताटात देशी फराळ आधीपासूनच होता. तो बायकांनी जपला. त्याचे पुस्तक कोणी लिहिले नाही एवढेच.

आता त्या जुन्या गोष्टीकडे वळते.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मी तेव्हा नवी सून होते. खरीप वाळून गेला, रब्बीची पेर झालीच नाही, विहिरींनी तळ दाखवला. बड्या घरच्या बायासुद्धा पदर खोचून दुष्काळी कामावर गेल्या. आम्हीही खडी फोडायला जात होतो. बांधापलीकडच्या मावशी, म्हणजे आताच्या सूनबाईच्या आजेसासू, आमच्याच शेजारी बसून खडी फोडत. मुकादम एक, हजेरी एक, सुकडी एकाच पातेल्यातून वाटली जाई. पाण्याच्या घागरी मात्र दोन होत्या. त्यांची वेगळी आणि आमची वेगळी. तेव्हा कोणाला त्यात काही वावगे वाटत नव्हते. मलाही वाटले नव्हते, हे खरे सांगून टाकते.

त्या साली आमच्या घरी दिवाळीला कढई चढली नाही. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याची भाकरी थापता थापता तुटायची आणि गिळवायची नाही. असा तो डिसेंबर. पंचवीस तारखेला सकाळी मावशी बांधावरून आल्या. हातात पितळेचे ताट, वर धुतलेले फडके. म्हणाल्या, “आज आमचा सण हाय, आत्याबाई. यंदा फार काही न्हाई, पण गोड मानून घ्या.” आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

ताटात एकच लाडू होता. मिलोचे पीठ भाजून गुळाच्या पाकात वळलेला, मुठीएवढा. नंतर कळले, की मावशींनी महिनाभर आपल्या चहातला गूळ बाजूला काढून ठेवला होता. दरसाल ज्या ज्या घरी ताट जायचे, त्या प्रत्येक घरी त्या साली एक लाडू गेला. एकही घर गाळले नाही.

आत्याबाईंनी लांबूनच, पदर सावरून ताट घेतले. गोठ्यात गेल्या, लाडू गाईच्या गव्हाणीत टाकला, ताट बाहेरच्या बाहेर राखेने घासले आणि रिकामेच परत दिले. मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळे पाहिले. मीही पाहिले आणि खाली मान घातली.

आपल्याकडे शेजारणीचे भांडे रिकामे परत पाठवत नाहीत. घरात काही नसले तरी चिमूटभर मीठ, पसाभर ज्वारी, गुळाचा खडा, काहीतरी टाकूनच पाठवतात. आत्याबाईंना हे माहीत नव्हते असे नाही. त्यांनीच मला ते शिकवले होते.

दोन दिवसांनी खडीवर बसलो असताना मला राहवले नाही. मी हळूच म्हणाले, “मावशी, त्या दिवसाचं मनाला लावून घेऊ नका.” मावशींनी हातोडा खाली ठेवला, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाल्या, “सूनबाई, लाडू गव्हाणीतच पडला नव्हं? आमचा देव जन्मला त्या रातीला त्याला कुणी घरात जागा दिली न्हाई. गव्हाणीतच निजवला त्याला. मग लाडू बरोबर जागी गेला की!” आणि हसून त्यांनी पुन्हा हातोडा उचलला.

बायबलमध्ये ही कथा आहे. मरिया आणि योसेफ परगावी गेले होते. उतरायला जागा मिळेना. तिथेच बाळ जन्मले, त्याला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवले, आणि पहिली बातमी कळली ती रात्री रानात मेंढरे राखणाऱ्या मेंढपाळांना. गोठा, गव्हाण, मेंढपाळ! आपल्या शेतकऱ्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. ख्रिस्ती घरात नाताळला मुले मातीचा नाहीतर पुठ्ठ्याचा गोठा मांडतात. आमच्या शेजाऱ्यांची मुले त्यात आमच्याच गंजीतला कडबा नेऊन घालतात.

मावशींचे बोलणे मी रात्री आत्याबाईंच्या कानावर घातले. त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या साली, १९७३ च्या डिसेंबरात, मावशी पुन्हा ताट घेऊन आल्या. मी आतून बघत होते. आत्याबाईंनी ताट दोन्ही हातांनी घेतले, घरात आणले, देवळीत ठेवले. करंजी मोडून आधी आपल्या तोंडात टाकली, मग आम्हाला दिली. ताट घरातल्या पाण्याने धुतले, त्यात दोन मुठी हरभऱ्याची डाळ आणि गुळाचा खडा घातला आणि मावशींच्या हातात दिले. माफी मागितली नाही. त्या काळच्या बायांना ते जमत नसे. पण त्यानंतर त्या घरचे ताट आमच्याकडून कधी रिकामे गेले नाही.

रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ पुष्कळ वर्षांनी माझ्या हाती आली. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० साली. मधल्या काळात त्या नवऱ्याकडे परत आल्या, तरी काही दिवस आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळाच ठेवत होत्या. ते वाचताना मला आमच्या दोन घागरी आठवल्या आणि आत्याबाईही आठवल्या. ज्या बाईला आपल्या नवऱ्याच्या हातचे पाणी प्यायला एवढा काळ लागला, तिने ते सगळे मोकळेपणाने लिहून ठेवले. मग आपण आपल्या घरचे सांगायला का लाजावे?

असो. आता ताटाची रीत सांगते. ती शिकण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट, ताटात सगळे कोरडे असते. नाताळच्या दुपारी शेजाऱ्यांकडे मटणाचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, भात आणि गुळातली गव्हाची खीर असा बेत असतो, पाहुणे येतात. पण रस्सा बांध ओलांडत नाही. माळकरी असो, कोणाचा उपास असो, ताट सगळ्यांना चालले पाहिजे, असा त्यांचा दंडक आहे. उपास असला तर फराळ डब्यात राहतो आणि दुसऱ्या दिवशी खाता येतो.

दुसरी गोष्ट, ज्या घरी त्या वर्षी दुःख झाले असेल, आजारपण असेल, किंवा कढई चढवायची ऐपत नसेल, त्या घरचे ताट सर्वांत आधी निघते. मावशी सांगत, की त्यांच्या शास्त्रात नहेम्याच्या पुस्तकात असे आले आहे, की सणाला आपण गोडधोड खावे आणि ज्याच्या घरी काही शिजले नाही त्याचा वाटा त्याला पोचवावा. म्हणून पाव्हण्यांच्या आधी ताटे जातात, आणि ताटे गेल्यावर घरची माणसे खातात.

तिसरी गोष्ट आपल्या बाजूची. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची मोठी यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी लाखो माणसे चुन्याचे खडे वेचतात. त्या दिवसांत आमच्याकडे पुरणपोळी असते. देवाला दाखवलेला नैवेद्य काही ख्रिस्ती मंडळी खात नाहीत. त्यांच्या मनाची ती गोष्ट आहे. म्हणून आत्याबाईंनीच रीत पाडली, की नैवेद्याचे ताट वाढण्याआधी शेजारच्या पोळ्या वेगळ्या काढून ठेवायच्या. कोणी कोणाला विचारले नाही, कोणी कोणाला समजावले नाही. त्यांनी आमचा उपास सांभाळला, आम्ही त्यांचे मन सांभाळले.

आता पुष्कळ भगिनी मनात म्हणत असतील, बाई, गोष्ट पुरे, कृती सांगा! सांगते. शेजारच्या सूनबाईने स्वतः सांगितलेली आहे आणि मी तिच्या कढईशी बसून पाहिलेली आहे.

अनारशांची तयारी सगळ्यांत आधी, दहा डिसेंबरच्या सुमारास. एक किलो जुना तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी निथळून सावलीत कापडावर पसरायचा. किंचित ओलसर असतानाच कुटून चाळायचा. पिठाच्या वजनाइतका किसलेला गूळ घालून मळायचे, गोळे करून डब्यात दाबून ठेवायचे. पाच-सहा दिवसांनी पीठ मुरते. मग खसखशीवर थापून, खसखस वरच्या बाजूला ठेवून, मंद आचेवर तळायचे. अनारसा उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवायचे. अनारसा तेलात पसरून विरघळू लागला, म्हणजे ‘हसला’, तर गूळ जास्त झाला असे समजावे आणि थोडे तांदळाचे पीठ मिसळावे. तळलेले अनारसे चाळणीत उभे ठेवले म्हणजे तूप निथळते.

चकलीची भाजणी पंधरा तारखेपर्यंत दळून आणावी. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, एक वाटी मुगाची डाळ, अर्धी वाटी धने आणि दोन चमचे जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण तांदळाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात डाळ करपते.

शंकरपाळ्यांना एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप एकत्र गरम करून साखर विरघळली की उतरवायचे. निवल्यावर त्यात मावेल तेवढा मैदा किंवा गव्हाचे पीठ घालून घट्ट मळायचे. तासभर झाकून ठेवून मग लाटायचे. आच मोठी ठेवली तर वरून लाल होतात आणि आतून कच्चे राहतात.

करंजी आपल्या भागातली, खोबऱ्याशिवायची सांगते. खोबरे महाग पडले तर शेंगा आणि तीळ आहेतच. दोन वाट्या बारीक रव्यात चार चमचे कडकडीत तेलाचे मोहन आणि चिमूटभर मीठ घालून दुधात घट्ट भिजवावे, तासाभराने कुटून मऊ करावे. सारणाला दोन वाट्या भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट, एक वाटी भाजून कुटलेले तीळ, दीड वाटी किसलेला गूळ आणि थोडे जायफळ. गूळ कोरडा हवा. ओला गूळ तेलात बाहेर येतो आणि सगळे तेल काळे करतो. करंजीची कड दुधाचे बोट लावून नीट दाबावी, भरलेल्या करंज्या ओलसर फडक्याखाली ठेवाव्यात. एवढ्यात पंचवीस-तीस करंज्या होतात.

आणि केक! त्याला ओव्हन लागत नाही. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी दही, एक वाटी साखर, अर्धी वाटी पातळ तूप किंवा तेल एकत्र फेटून अर्धा तास झाकून ठेवावे. रवा फुगला की लागेल तसे दूध घालून भज्याच्या पिठाएवढे सैल करावे. शेवटी चहाचा अर्धा चमचा खायचा सोडा, बेदाणे, शेंगदाण्याचे तुकडे. जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे स्वच्छ वाळू पसरून ती दहा मिनिटे तापवावी. तूप लावलेला डबा वाळूवर ठेवावा, वर जड झाकण, झाकणावर थोडे निखारे. मंद आचेवर पाऊण तास. काडी खुपसून पाहावी. कोरडी निघाली की झाला. मावशी असाच करीत. आता घरात गॅस आहे, तरी सूनबाई वाळूचे पातेले सोडत नाही.

एक सूचना सगळ्याच तळणीला लागू आहे. जिन्नस पुरता निवल्याशिवाय डब्यात भरू नये. वाफ कोंडली की चार दिवसांत वास येतो आणि मेहनत उकिरड्यावर जाते.

आता शेवटची गोष्ट. ती जुनी नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते तुम्ही विसरला नसाल. आमच्या धाराशिव जिल्ह्यात परंडा, भूम, कळंब या भागांत शेतेच्या शेते पाण्याखाली गेली. काढणीला आलेले सोयाबीन जागीच सडले. कित्येकांची नुसती पिकेच गेली नाहीत, मातीसुद्धा खरडून गेली. आमचा ओढ्याकाठचा तुकडा गेला, बांधापलीकडच्यांचा त्याहून जास्त गेला. बांध कुठे होता हेच दोन दिवस कळत नव्हते.

डिसेंबर लागला, पण तळणीचा वास येईना. एक दिवस सूनबाई हरभऱ्यात भेटली. म्हणाली, “मोठी आई, यंदा ताटं बंद ठेवावी म्हणते. बावीस घरं आहेत. तेल, साखर, रवा, सगळं विकत आणायचं म्हटलं तर हात उसना करावा लागतो. पोरगा पुण्याहून म्हणतो, मी मिठाईचे डबे पाठवतो. पण तो तरी कुठून पाठवील? त्याचेही हप्ते आहेत. आणि दोनचारच घरी दिलं तर बाकीचे काय म्हणतील?”

मी तिला तिथेच बांधावर बसवले आणि १९७२ ची ती सगळी गोष्ट सांगितली. तिला मिलोचा लाडू माहीत होता, पण गव्हाणीची गोष्ट माहीत नव्हती. मावशींनी ती आपल्या घरात कधी सांगितलीच नव्हती! इतकी वर्षे आमच्या घराची लाज त्यांनी झाकून ठेवली होती. सूनबाई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे एक लाडू गेला तरी ताट जातंच की.”

“जातंच,” मी म्हणाले. “आणि कर्ज काढून सात जिन्नस पाठवलेस तर ते मला गोड लागणार नाही.”

त्या संध्याकाळी आमच्या घरून त्यांच्याकडे ताट गेले. पाच किलो शेंगा, दोन किलो गूळ आणि मापभर तीळ. नाताळच्या आधी आमचे ताट जायची ती पहिलीच वेळ. ती म्हणाली, “मोठी आई, हे उलटं झालं.” मी म्हटले, “आमच्याकडून एक ताट रिकामं गेलं होतं. ते आज भरलं समज.”

पंचवीस डिसेंबरला बावीसही ताटे निघाली. त्यात दोनच जिन्नस होते, शेंगा-तिळाची करंजी आणि केकचा तुकडा. विकत आणले ते रवा, तेल आणि थोडी साखर, तेवढेच. सावकाराकडे कोणी गेले नाही. ज्या घरांत त्या पावसात जनावरे वाहून गेली होती, तिथली ताटे आधी गेली. आणि ताटे परत आली तेव्हा एकही रिकामे नव्हते. कोणी मूठभर तूर घातली, कोणी बोरे, कोणी नुसती कढीपत्त्याची डहाळी.

भगिनींनो, सण मोठा की लहान हे कढईवरून ठरवू नका. सणासाठी व्याजाने पैसा काढू नका. शेजारी काय म्हणतील ही भीती घालवायची असेल, तर शेजाऱ्यालाच मोकळेपणाने सांगा. तोही त्याच पावसात भिजलेला असतो. आणि नाताळ असो, ईद असो, दिवाळी असो, तुमच्या दारी कोणाचे ताट आले तर दोन्ही हातांनी घ्या, घरात न्या, खा. परत देताना त्यात काहीतरी घाला.

आत्याबाईही गेल्या आणि मावशीही गेल्या. ते पितळेचे ताट मात्र अजून आहे. त्याची कड एका बाजूला चेपली आहे. दरसाल आमच्या घरी येते ते तेच. मी आता चुलीपाशी फार वेळ बसू शकत नाही. पण ते ताट आले की मीच घासते, दुसऱ्या कोणाला घासू देत नाही.

पुढच्या आठवड्यात तुरीच्या डाळीची साठवण आणि भुंग्यांचा बंदोबस्त यावर बोलू.